न घेतलेल्या कर्जाची फेड

आपल्या वाडवडिलांच्या काळी कर्ज काढणे ही लपूनछपून होणारी गोष्ट नव्हती. सावकाराच्या ओसरीवर जावे लागे, त्याचे चार बोल मुकाट्याने ऐकावे लागत, कागदावर अंगठा उठवावा लागे आणि घरी परतताना सारा गाव पाहत असे. त्या रीतीत दोष पुष्कळ होते, अन्यायही पुष्कळ होता. परंतु आपण कर्ज घेतले आहे एवढी गोष्ट तरी घेणाऱ्यास पक्की ठाऊक असे. सांप्रत जो नवा सावकार आपल्या घरांत शिरला आहे, त्याच्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही. तो ओसरीवर बसत नाही, वही उघडीत नाही, दारात उभा राहून हाक मारीत नाही. चार बोटे रुंदीच्या कार्डाच्या रूपाने तो आपल्या पाकिटात राहतो, आणि आपण झोपेत असतानाही त्याचा हिशेब चालू असतो.

हे क्रेडिट कार्ड आता केवळ शहरातील साहेबलोकांचे राहिलेले नाही. गोव्याहून जहाजावर नोकरीला जाणारा तरुण, बेळगावच्या कारखान्यातील कारागीर, वडोदऱ्यास किंवा हैदराबादेस नोकरीनिमित्त राहणारी आपली लेक, इंदूर-ग्वाल्हेरकडील शाळामास्तर, यांपैकी कोणाचाही पगार बँकेत जमा होऊ लागला की थोड्याच दिवसांत फोन येतो : “कार्ड फुकट आहे, घेऊन ठेवा.” गोड बोलणाऱ्यास नाही म्हणणे आपल्या माणसांस जड जाते. कार्ड घरी येते, कपाटात पडून राहते, आणि नाताळच्या खरेदीला किंवा लग्नकार्याला प्रथम बाहेर निघते. मग महिन्याच्या महिन्याला बिल येऊ लागते.

कार्ड चांगले की वाईट, हा आजचा विषय नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आमच्या वाचकांस आम्ही नव्याने सांगावे असेही नाही. आजचा विषय त्याहून नेमका आहे. त्या बिलात ज्या रकमा आपण मुळात देणे लागतच नाही, परंतु जन्मभर मुकाट्याने भरीत राहतो, त्या परत कशा मागाव्यात हे आज पाहू.

या स्तंभाकडे या बाबतीत जी पत्रे येतात, त्यांतील तक्रारी पाच-सहा प्रकारच्याच असतात. कार्ड आयुष्यभर फुकट म्हणून दिले, आणि दुसऱ्या वर्षी वार्षिक शुल्क लावले. बिल मुदतीत भरले, तरी विलंबाचा आकार पडला. न मागितलेल्या विम्याचा हप्ता दरमहा कापला जाऊ लागला. मागितलेही नव्हते असे कार्ड आले आणि त्याचे बिलही पाठोपाठ आले. कार्ड बंद करा म्हणून सांगितले, तरी वर्ष उलटले आणि शुल्क चालूच राहिले. या पत्रांत आमच्या मनास एक गोष्ट लागते. पत्र लिहिणारा बहुधा विचारतो, “हे पैसे कसे फेडावेत?” “हे पैसे मी देणे लागतो का?” असे विचारणारा क्वचितच भेटतो.

याचे कारण अज्ञान हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण अब्रू हे आहे. बँकेचे पत्र आले म्हणजे चूक आपलीच असणार, वसुलीचा माणूस दारात आला तर शेजारीपाजारी काय म्हणतील, या भीतीने माणूस बायकोसही न सांगता पैसे भरून मोकळा होतो. प्रामाणिक माणसास देण्याची लाज वाटते हे चांगलेच आहे. परंतु घेतलेले कर्ज न फेडणे ही जशी लाजेची गोष्ट आहे, तशी न घेतलेले कर्ज फेडीत राहणे ही काही सद्गुणाची गोष्ट नव्हे. तो पैसा मुलांच्या शाळेचा, म्हाताऱ्या आईच्या औषधाचा असतो.

म्हणून प्रथम न्याय्य देणे कोणते आणि अन्याय्य कोणते, हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

जी वस्तू आपण कार्डावर घेतली तिची किंमत हे न्याय्य देणे होय. कार्ड घेताना जे वार्षिक शुल्क लेखी सांगितले होते तेही न्याय्य. मुदत खरोखरच टळली असेल तर ठरलेला विलंब-आकार न्याय्य. कार्डावर रोख रक्कम काढली तर त्या दिवसापासून व्याज लागते, आणि ते आधी सांगितलेले असेल तर त्याविरुद्ध ओरड करून उपयोग नाही. व्याज जड आहे हे खरे. ते किती जड असते ते एका उदाहरणावरून पाहा. समजा १०,००० रुपयांचे बिल आले, आणि त्यावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ म्हणजे ५०० रुपयेच आपण भरले. राहिलेल्या ९,५०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज ३३२ रुपये ५० पैसे होते, आणि त्या व्याजावर १८ टक्के कर ५९ रुपये ८५ पैसे. म्हणजे भरलेल्या ५०० रुपयांपैकी सुमारे ३९२ रुपये व्याजाकराच्या वाटेने गेले, आणि मूळ कर्जातून फिटले ते जेमतेम १०८. ‘किमान’ हा शब्द गोड आहे, परंतु त्याच्या भरवशावर राहणाऱ्याचे कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही. हे सारे कठोर आहे. तथापि दर आधी सांगितलेला असेल तर त्यास अन्याय्य आकारणी म्हणता येणार नाही, आणि ते परत मागण्यात वेळ दवडू नये. असे कर्ज शक्य तितक्या लवकर पुरे फेडावे, हाच त्यावरचा उपाय.

अन्याय्य आकारणी ती, जी आपणास सांगितलेली नव्हती, जिला आपण संमती दिलेली नव्हती, किंवा जी नियमाविरुद्ध लावलेली आहे. हे देणे नव्हेच. ते भरले असेल तर तो आपला पैसा दुसऱ्याच्या पेटीत पडलेला आहे, आणि तो परत मागण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे.

सावकाराकडे हिशेब मागण्याची ही गोष्ट आपल्या मुलखात नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दक्षिणेतील शेतकऱ्यांचे बंड सुरू झाले. तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. सावकारांच्या घरांतून ते रोखे काढून जाळण्यात आले. त्या उठावाची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस त्याने भरलेल्या पैशाची पावती व कर्जाचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क दिला. रोख्यावर लिहिलेला आकडा डोळे मिटून न मानता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा न्यायालयांस मिळाली. त्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे हेच होते की हिशेब सावकाराच्या पेटीत असतो आणि आम्हांस तो दिसत नाही. आज हिशेब दरमहा आपल्या घरी, आपल्या हाती येतो. आणि आपण तो न वाचता बाजूस ठेवतो! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

आता नियम काय आहेत ते पाहू. भारतीय रिझर्व्ह बँकेने कार्डांसंबंधीचे आपले नियम २१ एप्रिल २०२२ रोजी एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेकांचा अंमल त्या वर्षीच्या १ जुलैपासून आणि काहींचा त्यानंतर सुरू झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने आपली सारी आज्ञापत्रे नव्याने लावून काढली, तेव्हाही हे नियम कायम राहिले. त्यांतील आपल्या उपयोगाचे तेवढे येथे सोप्या शब्दांत देत आहोत. हे कात्रण कापून बँकेच्या कागदांत ठेवावे.

पहिला नियम न मागितलेल्या कार्डाचा. संमतीवाचून कोणास कार्ड देता येत नाही. तसे दिले, किंवा जुने कार्ड परस्पर वरच्या दर्जाचे करून चालू केले, आणि त्याचे बिल लावले, तर बँकेने ती आकारणी ताबडतोब रद्द केली पाहिजे. एवढेच नव्हे तर रद्द केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड त्या व्यक्तीस दिला पाहिजे. म्हणजे ५०० रुपये लावले असतील तर ते तर जातातच, शिवाय १,००० रुपये बँकेनेच द्यायचे.

दुसरा नियम शुल्काचा. कार्ड देताना जे शुल्क स्पष्ट सांगितले नव्हते, ते कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. सांगितलेल्या शुल्कात बदल करावयाचा तर निदान एक महिना आधी कळविले पाहिजे, आणि तो बदल पुढील काळापुरताच लागू होतो, मागील काळास नव्हे. बदल आपणास मान्य नसेल तर बाकी चुकती करून कार्ड परत करता येते. त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. विम्याचा हप्ताही याच न्यायाने. आपण स्पष्ट होकार दिल्यावाचून तो कापता येत नाही.

तिसरा नियम विलंबाचा. मुदतीची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेला, तरच विलंबाचा दंड लावता येतो. मुदत ५ तारखेची होती आणि आपण ७ तारखेस पैसे भरले, तर दंड लावता येणार नाही. शिवाय दंड आकारायचा तो मुदतीनंतर राहिलेल्या बाकीवर, बिलाच्या एकूण रकमेवर नव्हे. २०,००० च्या बिलापैकी १२,००० आपण मुदतीत भरले असतील, तर दंडाच्या हिशेबात ८,००० च धरले पाहिजेत. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर पुन्हा व्याज चढविण्यासही मनाई आहे.

चौथा नियम कार्ड बंद करण्याचा. सर्व बाकी चुकती करून कार्ड बंद करण्याची मागणी केली, तर बँकेने ती कामाच्या सात दिवसांत पुरी केली पाहिजे. तसे न केल्यास पुढे होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५०० रुपये याप्रमाणे बँकेनेच कार्डधारकास द्यावयाचे असतात.

पाचवा नियम वादाचा. एखाद्या बिलाविषयी आपण हरकत घेतली, तर बँकेने तक्रारीच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत खुलासा केला पाहिजे आणि जरूर तेथे कागदोपत्री पुरावाही दिला पाहिजे. फसवणूक म्हणून ज्या व्यवहाराविषयी आपण तक्रार केली आहे, त्यावर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही.

या नियमांच्या पाठीशी एक जुना कायदाही उभा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की, करार मोडल्याबद्दल कागदावर कितीही रक्कम लिहिलेली असली, तरी वाजवी भरपाईच मिळू शकते; लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा होय. म्हणजे दंड हा नुकसानीचा मोबदला आहे, कमाईचे साधन नव्हे.

“आपण लहान माणसे, आपण मागितल्याने का कोठे बँका पैसे परत देतात?” असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही इंग्लंडातील उदाहरण देतो. कारण कार्डाचा प्रसार तेथे आपल्या कितीतरी आधी झाला, आणि हा झगडाही तेथे आधी लढला गेला. तेथे मुदत टळल्यास कार्ड-कंपन्या एका वेळी २० ते २५ पौंड दंड घेत. व्यापारातील रास्तपणावर देखरेख करणाऱ्या तेथील सरकारी कचेरीने ५ एप्रिल २००६ रोजी जाहीर केले की, १२ पौंडांहून अधिक दंड आपण अन्याय्य समजू. त्यानंतर साध्या संसारी माणसांनी जुनी बिले काढून, आकडे मांडून पत्रे धाडली, आणि पुष्कळांस पैसे परत मिळाले. पुढे कर्जांबरोबर व कार्डांबरोबर लोकांच्या गळ्यात मारलेल्या हप्ते-विम्याचेही तसेच झाले. ती मागणी करण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती, आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांस परत द्यावी लागली. ही रक्कम मागणाऱ्यांनाच मिळाली, हे विसरू नये. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. मग बँकेची काय कथा!

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याच इंग्लंडात खात्यावरील शिलकीहून अधिक पैसे काढल्याबद्दल बँका जो आकार घेत, त्याविरुद्धचा दावा २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयात बँकांच्या बाजूने लागला. तो आकार हा बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे आणि त्याच्या रास्तपणाची तपासणी त्या कायद्याखाली करता येत नाही, असे ठरले. आपल्याकडेही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली, कार्डावर वर्षास ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय असा निर्णय दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तात्पर्य, दर भारी आहे एवढ्यावरून पैसे परत मिळत नाहीत. न सांगितलेली, न मानलेली किंवा नियमबाह्य आकारणी असेल तर मिळतात. ज्या रकमेविषयी आपली बाजू पक्की आहे तेवढीच मागावी. सगळेच मागणाऱ्याचे खरे गाऱ्हाणेही कोणी ऐकत नाही.

आता मागणी करण्याची रीत सांगतो.

प्रथम कागद जमवावेत. कार्ड घेतानाचा अर्ज, अटींचे पत्रक, आणि शक्य तितकी जुनी बिले. बिले फोनवर येत असतील तर ती छापून घ्यावीत. संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर घरातील शिकल्या मुलाने वा मुलीने एकेक ओळ मोठ्याने वाचावी आणि वडिलांनी सांगावे, हे आपण घेतले होते, हे नव्हते. संशयाच्या ओळीखाली रेघ ओढावी. शेवटी एका कागदावर तारीख, आकाराचे नाव आणि रक्कम अशी यादी करावी. शुल्कावर १८ टक्के कर लागलेला असतो, तोही यादीत धरावा. ५०० रुपयांच्या शुल्कावर ९० रुपये कर, म्हणजे परत मागावयाची रक्कम ५९० होते.

दुसरे, ज्या रकमेविषयी वाद नाही ती मुदतीत भरून टाकावी. सारेच बिल अडवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. तसे केल्याने नवा दंड पडतो आणि आपली बाजू लंगडी होते.

तिसरे, तक्रार लेखी करावी. फोनवर पाच वेळा बोललेले वाऱ्यावर जाते. एकदा लिहिलेले राहते. पत्र फार मोठे नसावे, त्यात रागाचे शब्द नसावेत. नमुना म्हणून पुढील मजकूर चालेल :

“कार्ड विभागाचे प्रमुख अधिकारी यांस. महाशय, माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक. सोबतच्या यादीतील रकमा माझ्या खात्यावर लावण्यात आल्या आहेत. या शुल्काची कल्पना मला कार्ड घेताना देण्यात आली नव्हती, आणि मी त्यास संमती दिलेली नाही. तरी या सर्व रकमा, त्यांवरील कर व व्याज यांसह, माझ्या खात्यावर परत जमा कराव्यात. संमती दिली होती असे आपले म्हणणे असल्यास तिचा पुरावा पाठवावा. वाद नसलेली रक्कम मी अमुक तारखेस भरली आहे. आपले लेखी उत्तर ३० दिवसांच्या आत मिळावे, ही विनंती.”

खाली नाव, पत्ता, तारीख व सही. कार्डाचा पूर्ण आकडा किंवा गुप्त अंक पत्रात कधीही लिहू नये. पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा, अथवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. बँकेने तक्रारीचा क्रमांक दिला तर तो लिहून ठेवावा. पुष्कळ तक्रारी या पहिल्या पत्रानेच मिटतात. कारण समोरचा माणूस हिशेब वाचणारा आहे हे कळले की उत्तराचा सूर बदलतो.

३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून साऱ्या देशासाठी लोकपालाची एकच एकात्मिक योजना झाली. तेव्हापासून आपली बँक कोणत्या प्रांतातील आणि लोकपाल कोणता, हा शोध करावा लागत नाही. सीमाभागातील आणि परप्रांतातील आपल्या लोकांस ही मोठीच सोय झाली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून करता येते. ते न जमल्यास साध्या कागदावर लिहून चंडीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठविता येते. १४४४८ या क्रमांकावर फोन केल्यास मराठी, कन्नड, गुजराती व तेलुगू यांतूनही माहिती मिळते. या तक्रारीस शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, आणि तोच वाद न्यायालयात चालू असता कामा नये. तक्रारीस मुदत असते. म्हणून बँकेचे उत्तर येताच, किंवा ३० दिवस भरताच, दिरंगाई न करता पुढचे पाऊल टाकावे.

याखेरीज जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. बँकेची मुख्य कचेरी मुंबईस आहे म्हणून मुंबईस जावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा केला पाहिजे. ग्राहकांसाठी सरकारने ठेवलेला मदतीचा फोन १९१५ हा आहे.

वसुलीच्या धाकाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण माणसे हिशेबापेक्षा धाकानेच अधिक हरतात. १२ ऑगस्ट २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेप्रमाणे थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ करणे, चारचौघांत अपमान करणे, घरच्या मंडळींस वा मित्रांस त्रास देणे, हेही वर्ज्य आहे. असा प्रकार घडला तर दिवस, वेळ, फोनचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तोही तक्रारीत घालावा. वाद चालू असता आपले नाव थकबाकीदार म्हणून पतमाहिती कंपनीकडे गेले असेल, तर तेथेही दुरुस्तीची मागणी करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद २०२३ साली झालेली आहे.

आणखी एक इशारा. पैसे परत मिळवून देतो असे सांगून फोन करणारे लुच्चे हल्ली फार झाले आहेत. ते आपले नाव, गाव, बँक सारे बरोबर सांगतात, आणि “फोनवर आलेला अंक तेवढा सांगा” म्हणतात. तो अंक म्हणजे आपल्या पेटीची किल्ली होय. ती कोणालाही देऊ नये. पैसे परत देण्यासाठी बँकेस तो अंक लागत नाही. चुकून दिला गेला तर लाजून गप्प न बसता तत्काळ बँकेस आणि १९३० या सरकारी क्रमांकास कळवावे. त्याचप्रमाणे अर्ज लिहून देण्याबद्दल परत मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणाऱ्या मध्यस्थाचीही गरज नाही. वर दिलेले पत्र आठवी शिकलेले मूल लिहू शकेल.

या सर्व खटाटोपातून कदाचित पाचशे-सातशे रुपयेच हाती येतील. एवढ्यासाठी कोण कागद जमवीत बसतो, असे काहींस वाटेल. परंतु ज्या घरी दुधाचा आणि वाणसामानाचा हिशेब पैशापैशाने लिहिला जातो, त्या घरास पाचशे रुपये म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. एका घराचे पाचशे कमी वाटतात. पण गावातील पन्नास घरांनी ते मुकाट्याने सोडले की त्यांचे पंचवीस हजार होतात.

घेतले असेल ते पै न पै फेडावे. मात्र बिल आले की प्रथम ते वाचावे, नवराबायकोने मिळून वाचावे, आणि न कळलेल्या प्रत्येक ओळीबद्दल लेखी विचारावे. घरातील कर्त्या माणसाने कर्ज एकट्याच्या उरात दडवून ठेवू नये. दडविलेल्या कर्जावर व्याजाबरोबर काळजीही चढते. शेजाऱ्यास इंग्रजी बिल वाचता येत नसेल तर ज्यास येते त्याने अर्धा तास त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे. कपाटातील बिलांची चळत या रविवारी दुपारी खाली काढावी, एवढेच आमचे वाचकांस आज सांगणे आहे.